इलेक्ट्रिक ट्रेलर वापरून बघितला: गाडी झकास, पण ती चार्जिंगला उभी करायची कुठे?

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एका कंपनीच्या एका मॉडेलचा नाहीये. अवजड वर्गातला इलेक्ट्रिक घोडा (म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) आणि त्याच्या मागे नेहमीचाच ट्रेलर, मालासकट सगळं मिळून चाळीस टन, असा जो प्रकार आता बऱ्याच कंपन्या विकतायत त्याचा आहे. आमच्या ताफ्यात असा एक आलाय, बाकी सगळ्या गाड्या डिझेलच्या, त्यामुळे तुलना रोजच होते. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण ज्या अडचणी आल्या त्यातल्या बहुतेक त्या कंपनीमुळे आलेल्याच नाहीत, दुसऱ्या कुठल्या कंपनीची घेतली असती तरी त्याच आल्या असत्या. रेटिंग हवंच असेल तर गाडीला पाचपैकी साडेचार. चार्जिंगच्या एकूण भानगडीला दोन, आणि ते दोनसुद्धा रात्री आपल्या यार्डात जे होतं त्याचे.

गाडीचं कौतुक आधी करून घेतो. भरलेला ट्रेलर घेऊन चढावर थांबायची वेळ आली, पुढे ट्रॅफिक तुंबलंय, आणि मग परत निघायचंय, ह्या वेळी डिझेल गाडीत ड्रायव्हरच्या कपाळावर ज्या आठ्या पडतात त्या इथे पडतच नाहीत. मोटरला शून्यापासून पूर्ण टॉर्क (म्हणजे ओढायचा जोर) असतो, क्लच नाही, गिअर मोजकेच आणि ते बदललेले कळतसुद्धा नाहीत, त्यामुळे गाडी मागे न सरकता शांतपणे निघते आणि घाटात सुद्धा रांगत नाही, बऱ्यापैकी वेगात चढते. केबिनमध्ये आवाज नाही, थरथर नाही. ड्रायव्हर लोक सुरुवातीला ह्या गाडीला खेळणं म्हणत होते, आता तिच्यासाठी आपापसात कुरबुर चालते की मागच्या आठवड्यात तूच नेलीस. रात्री झोपताना एसी किंवा हीटर लावायला इंजिन चालू ठेवावं लागत नाही हा फायदा ब्रोशरमध्ये कुठेतरी कोपऱ्यात असतो, पण ज्याला केबिनमध्ये झोपावं लागतं त्याच्यासाठी तोच सगळ्यात मोठा. इंजिन ऑइल नाही, धूर साफ करायला लागतो तो युरिया भरायचा नाही, सायलेन्सरमधला फिल्टर चोंदायचा प्रश्न नाही. ब्रेक लायनिंग तर जवळजवळ जशीच्या तशी आहे, कारण बहुतेक वेळा गाडी मोटरवरच थांबते. टायर मात्र नीट सांभाळावे लागतात, टॉर्क जास्त आणि गाडीचं वजनही जास्त, पाय जड असलेला ड्रायव्हर मागचे टायर लवकर खातो.

उतारावर वीज परत बॅटरीत जाते हे सगळ्यांना माहीत असतं पण किती जाते ह्याचा अंदाज फार कमी जणांना असतो. सरळ हिशोब आहे, चाळीस टन वजन ५०० मीटर उंचीवरून खाली आणलं की त्यात साधारण ५४ युनिट ऊर्जा असते, त्यातली काही टायर आणि हवा खाते, काही मोटर आणि बॅटरीच्या आतबाहेर करण्यात जाते, उरलेली परत मिळते. म्हणजे फुकट काही नाही, वर चढताना जे जास्तीचे युनिट घातले त्यातलेच काही परत आले, पण डिझेलमध्ये ते सगळे ब्रेकच्या धुरात जायचे. स्वित्झर्लंडमध्ये चुनखडीच्या एका खाणीत एक इलेक्ट्रिक डंपर आहे, तो रिकामा वर जातो आणि भरून खाली येतो, त्यामुळे खाली येताना एवढी वीज बनते की त्याला बाहेरून चार्जिंग जवळजवळ लागतच नाही. असा रूट मिळाला तर काय बघायला नको, पण माल नेहमी वरच आणि गिऱ्हाईक नेहमी खालीच असं कुठे असतं.

इथेच एक गोष्ट विक्रेता आपणहून सांगत नाही ती सांगतो. यार्ड उंचावर असेल आणि सकाळी गाडी १०० टक्के चार्ज करून लगेच मोठ्या उतारावर घातली तर बॅटरीत वीज घ्यायला जागाच नसते, मग मोटरचं ब्रेकिंग कमी होतं. काही गाड्यांना जास्तीची वीज जाळून टाकायला वेगळी सोय असते, काहींना नसते, विकत घेण्याआधी हे नक्की विचारा. साधा उपाय म्हणजे अशा ठिकाणी चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपास थांबवायचं. ड्रायव्हरला हे नीट समजावून सांगावं लागतं कारण त्याला भरलेली बॅटरी म्हणजे भरलेली टाकीच वाटते, आणि टाकी कमी भर असं आजपर्यंत त्याला कुठल्या मालकाने (डिझेल चोरीचा संशय सोडला तर) सांगितलेलं नसतं.

आता ॲव्हरेज. भरलेला चाळीस टनी ट्रेलर सपाट रस्त्यावर साधारण किलोमीटरला १.१ ते १.३ युनिट खातो. तीच डिझेल गाडी शंभर किलोमीटरला ३० लिटरच्या आसपास घेते आणि एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते, म्हणजे डिझेल गाडी ३०० युनिट जाळते तिथे इलेक्ट्रिक १२० मध्ये भागवते. हे ऐकायला भारी वाटतं आणि खरंही आहे, कारण डिझेल इंजिनात अर्ध्याहून जास्त ऊर्जा नुसती गरमी होऊन जाते. पण ह्याची दुसरी बाजू बघा. ४०० लिटर डिझेलचं वजन ३४० किलोसुद्धा भरत नाही आणि त्यावर गाडी हजार-बाराशे किलोमीटर निवांत जाते. ५०० किलोमीटर जायला ६०० युनिटची बॅटरी लागते आणि तिचं वजन साधारण साडेचार टन. मर्सिडीजच्या ई-ॲक्ट्रोस ६०० मध्ये २०७ युनिटचे तीन पॅक आहेत, एकूण ६२१, आणि कंपनी ५०० किलोमीटरची रेंज सांगते. हा आजच्या चांगल्यातल्या गाड्यांचा आकडा आहे. कागदावरच्या ५०० चे प्रत्यक्षात प्लॅनिंग करताना ४०० धरायचे, उलटा वारा आला, पाऊस लागला, थंडी पडली, ट्रेलरवर माल उंच आणि अघळपघळ बांधलेला असला की आकडा भराभर खाली येतो. रीफर, म्हणजे थंड मालाचा ट्रेलर असेल आणि त्याचं कूलिंग पण ह्याच बॅटरीवर असेल तर अजून वेगळा हिशोब.

वजनाचं मात्र जरा वाढवून सांगतात असं माझं मत झालंय. साडेचार टन बॅटरी आली हे खरं, पण इंजिन, गिअरबॉक्स, डिझेल टाक्या, सायलेन्सरचं सगळं लटांबर गेलं ना. निव्वळ फरक त्यामुळे कमी होतो. शिवाय युरोपात शून्य-धूर गाडीला दोन टनांपर्यंत जास्तीच्या वजनाची सूट आहे, अमेरिकेत २,००० पाउंड, म्हणजे ९०० किलोच्या आसपास. तुमचा माल पार्सल, कापूस, फर्निचर, पॅकबंद खाऊ असा असेल तर ट्रेलर वजनाआधी आकारानेच भरतो, तुम्हाला काही फरक पडणार नाही. सिमेंट, लोखंड, पातळ पदार्थ वाहणाऱ्यांना पडतो. त्यांना प्रत्येक खेपेला दोन टन माल कमी म्हणजे वर्षाच्या शेवटी बऱ्याच जास्तीच्या खेपा, आणि भाडं टनावर असेल तर सरळ खिशातून. अजून एक, नुसतं एकूण वजन बघून चालत नाही, पुढच्या आणि मधल्या ॲक्सलवर किती येतंय ते बघा. एकूण वजन मापात आणि एक ॲक्सल ओव्हरलोड असं वजनकाट्यावर होऊ शकतं, माल लोड करणाऱ्याला ट्रेलरमध्ये माल थोडा पुढेमागे सरकवायला शिकवावं लागतं.

बरं, आता मूळ दुखणं. ट्रक दिवसातले किती तास उभा असतो ह्याचा विचार ट्रकवाले सोडून कोणीच करत नाही. लोडिंगला नंबर लावून उभा, अनलोडिंगला गेटबाहेर उभा, कागदपत्रं झाली नाहीत म्हणून उभा, जेवायला उभा. चार्जिंगला वेळ लागतो म्हणून इलेक्ट्रिक ट्रक चालणार नाही असं जे म्हणतात त्यांना मी एवढंच विचारतो की बाबा तुझी डिझेल गाडी गोडाऊनच्या गेटवर दोन-दोन तास उभी असते तेव्हा तुला वेळ जाताना दिसत नाही का? वेळ भरपूर आहे. फक्त गाडी जिथे उभी असते तिथे चार्जर नसतो, आणि चार्जर जिथे असतो तिथे गाडी उभी करता येत नाही.

म्हणजे कसं, हायवेवर जे चार्जर आहेत ते बहुतेक कारवाल्यांसाठी बांधलेत. पार्किंगमध्ये नाक घालून उभं राहायचं, समोर खांब. सोळा मीटरची गाडी तिथे घालायची म्हणजे एकतर चार-पाच कारची जागा आडवी अडवायची आणि लोकांच्या शिव्या खायच्या, नाहीतर ट्रेलर कुठेतरी सोडायचा, घोडा एकटा नेऊन चार्ज करायचा, परत येऊन जोडायचा. ट्रेलर सोडणं-जोडणं म्हणजे ट्रेलरचे टेकू-पाय खाली घ्या, एअर लाइन काढा, केबल काढा, पिन सोडवा, परत येऊन हेच उलटं करा, वर मालाने भरलेला ट्रेलर रस्त्याच्या कडेला बेवारस ठेवायचा, इन्शुरन्सवाल्याला हे कळलं तर तो काय म्हणेल ते वेगळंच. एका सार्वजनिक स्टेशनवर, नाव घेत नाही, केबल एवढी तोकडी होती की गाडी सरळ लावली तर पोचेना आणि उलटी लावली तर बाहेर निघायला जागा उरेना. आमच्या ड्रायव्हरने शेवटी ती तिरकी लावली आणि चार्जिंग होईपर्यंत बाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या कारना हातवारे करत वाट दाखवत होता. ट्रकसाठी स्टेशन पेट्रोल पंपासारखं हवं, एका बाजूने शिरलं आणि दुसऱ्या बाजूने निघालं. हे समजायला काही इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही, पण बांधणाऱ्यांना जागेचं भाडं वाचवायचं असतं.

मग वेगाचं. बऱ्याच हायवेवर मिळणारा ३५० किलोवॅटचा चार्जर घेतला, तर ६०० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला एक तासाच्या वर लागतो, तेही तो चार्जर पूर्ण ताकद देत असेल तर, शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी ताकद वाटली जाते आणि तुमचा तास दीड-दोन तासांचा होतो. ह्यावर उत्तर म्हणून मेगावॅट चार्जिंग सिस्टीम आली आहे, एमसीएस म्हणतात, २०२२ मध्ये ऑस्लोला जाहीर केली, तिची कमाल मर्यादा ३.७५ मेगावॅट आहे, म्हणजे १,२५० व्होल्ट आणि ३,००० अँपिअर. केबलच्या आतून थंड द्रव फिरवावा लागतो नाहीतर ती तापून जाईल. एक मेगावॅटने जरी मिळालं तरी तेच २० ते ८० टक्के अर्ध्या तासात होतं. युरोपात नियमच आहे की साडेचार तास चालवलं की ड्रायव्हरने ४५ मिनिटं थांबायचं, तिथे ट्रकचा वेग ८० धरला तर साडेचार तासात ३६० किलोमीटर होतात, सव्वाचारशे-साडेचारशे युनिट. म्हणजे ड्रायव्हरची सक्तीची विश्रांती आणि गाडीचं चार्जिंग एकाच वेळी उरकतं, हिशोब अगदी बसतो. बसतो कधी, तर त्या ४५ मिनिटांच्या सुरुवातीला चार्जर रिकामा असेल तर. आधी दोन गाड्या रांगेत असतील तर ड्रायव्हरला विश्रांती सोडून मध्येच गाडी पुढे सरकवायला उठावं लागतं, आणि मग ती विश्रांती धरायची की नाही धरायची.

युरोपियन युनियनने कायदाच केलाय की २०३० च्या शेवटापर्यंत मुख्य महामार्गांवर दर ६० किलोमीटरला अवजड गाड्यांसाठी ३,६०० किलोवॅटचं चार्जिंग असलं पाहिजे. व्होल्वो, डायम्लर आणि ट्रॅटन ह्या ट्रक बनवणाऱ्या, एकमेकांच्या कट्टर स्पर्धकांनी २०२२ मध्ये मायलेन्स नावाची कंपनी एकत्र काढली, १,७०० चार्जिंग पॉइंट उभे करायला. आता जे लोक एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत ते एकत्र येऊन चार्जर लावतायत म्हणजे त्यांना कळलंय की गाडी कितीही चांगली बनवली तरी ह्याच्याशिवाय ती खपणार नाही. ठीक आहे, चांगलं आहे. पण सगळा पैसा आणि चर्चा हायवेवरच्या चार्जरची चाललीय आणि मला विचाराल तर पहिला चार्जर हवा तो लोडिंग डॉकवर. गाडी तिथे तशीही लागलेली असते. तिथे मेगावॅट वगैरे नको, साधा १०० किलोवॅटचा दिला तरी दोन तासात २०० युनिट, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरची बेगमी. पण ते गोडाऊन माझं नाही. गोडाऊन ज्या कंपनीचा माल आहे तिचंही नाही, ते तिसऱ्याच कोणाच्या जागेत भाड्याने आहे, जागामालक म्हणतो मला काय गरज, भाडेकरू म्हणतो माझा करार दोन वर्षांत संपतोय मी ट्रान्सफॉर्मर कशाला बसवू, आणि मालवाली कंपनी म्हणते आम्ही तर पर्यावरणाच्या बाजूनेच आहोत, आमच्या वार्षिक अहवालात लिहिलंय. ट्रान्सपोर्टर बिचारा मध्ये. ह्या धंद्यात गाडी एकाची, माल दुसऱ्याचा, जागा तिसऱ्याची, आणि चार्जर लागतो तो नेमका ह्या तिघांच्या मधल्या फटीत.

आपल्या यार्डात तरी सगळं आपल्या हातात असतं असं वाटतं, ते निम्मं खरं. एक-दोन गाड्या असतील तर आहे त्या कनेक्शनवर भागतं. दहा गाड्या आणि दहा फास्ट चार्जर म्हणालात तर साडेतीन मेगावॅटचा लोड झाला, म्हणजे एखाद्या कारखान्याएवढा, आणि तेवढं वीज कंपनीकडे मागायला गेलात की अर्ज, सर्व्हे, सबस्टेशनमध्ये क्षमता आहे का, नवीन लाइन, ट्रान्सफॉर्मर. ट्रक काही महिन्यांत दारात येतो आणि वीज यायला कधीकधी वर्षं लागतात, हे जगभर असंच आहे. म्हणून ट्रकची ऑर्डर देण्याआधी विजेचा अर्ज टाका, उलटं करू नका. आणि फास्ट चार्जरच्या मोहात पडू नका. गाडी रात्री दहा तास उभी असेल तर ४५ किलोवॅटच्या साध्या चार्जरने ४५० युनिट भरतात, दहा गाड्यांना मिळून साडेचारशे किलोवॅट, मेगावॅटच्या गोष्टीच नकोत. वीजबिलात डिमांड चार्ज नावाचा जो प्रकार असतो तो महिन्यातल्या सगळ्यात जास्त ओढलेल्या लोडवर लागतो, एका संध्याकाळी सगळ्या गाड्या एकदम आल्या आणि सगळ्यांनी एकदम प्लग लावले की महिन्याभराचं बिल त्या संध्याकाळच्या हिशोबाने येतं. चार्जिंग मॅनेज करणारं सॉफ्टवेअर असतं, ते घ्याच, वॉचमनच्या भरवशावर ठेवू नका. शिवाय मीटरवर जेवढे युनिट पडतात तेवढे बॅटरीत जात नाहीत, आठ-दहा टक्के वाटेत जातात, किलोमीटरमागचा खर्च काढताना मीटरचा आकडा धरा, डॅशबोर्डचा नको. डॅशबोर्ड नेहमी आशावादी असतो.

सार्वजनिक चार्जरवरचा दर बऱ्याच ठिकाणी यार्डातल्या दराच्या दुपटीच्या वर असतो. यार्डातल्या विजेवर गाडी डिझेलपेक्षा नक्की स्वस्त पडते. रस्त्यावरच्या विजेवर कधी बरोबरीत, कधी महाग. त्यामुळे जेवढं लांब जाल तेवढा फायदा कमी, आणि गाडी जेवढी जास्त पळेल तेवढी तिची जास्तीची किंमत लवकर वसूल व्हायला पाहिजे. हे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. त्यातून मार्ग एकच दिसतो, घरून निघून घरी परत येणारा रूट, तोच रोज, शक्य असेल तर दिवसातून दोनदा. अमेरिकेत पेप्सिकोच्या सॅक्रामेंटो डेपोतल्या टेस्ला सेमी ह्या इलेक्ट्रिक ट्रकने २०२३ च्या एका चाचणीत एका दिवसात १,७०० किलोमीटरच्या वर पळून दाखवलं, पण तिथे डेपोत ७५० किलोवॅटचे स्वतःचे चार्जर होते हे त्या बातमीसोबत वाचायला हवं. (ती गाडी २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये दाखवली होती आणि पहिली डिलिव्हरी २०२२ च्या डिसेंबरमध्ये झाली, इतका धीर आमच्या धंद्यात कोणाकडे नसतो.)

रिटर्न लोडबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. डिझेल गाडी माल टाकून रिकामी झाली की फोन सुरू होतात, ऐंशी किलोमीटर बाजूला एक माल पडलाय, उचलतोस का? उचलतो, टाकीत डिझेल आहे, जातो. ह्या अशा आयत्या वेळच्या लोडवर लहान ट्रान्सपोर्टरचा महिना निघतो, जाताना मिळतं ते खर्चात जातं आणि येताना मिळतं तो नफा. इलेक्ट्रिक गाडीत ड्रायव्हर आधी टक्के बघतो, मग वाटेत चार्जर कुठे आहे ते बघतो, मग तो चालू आहे का ते ॲपवर बघतो, आणि ॲप चालू म्हणत असताना तिथे गेल्यावर बंद निघालाय असं झालेलं असल्यामुळे शेवटी नको म्हणतो. तोपर्यंत लोड दुसऱ्याने उचललेला असतो. मोठ्या कंपन्यांना हा प्रश्न कमी कारण त्यांचे करार पक्के, रूट पक्के. पण बऱ्याच देशात ट्रकमालक म्हणजे एक-दोन-पाच गाड्यांचे मालक असतात, सगळा धंदा फोनवरच्या लोडवर, आणि मालवाहतूक इलेक्ट्रिक करायच्या योजना आखणारे मात्र मोठा डेपो असलेली कंपनीच डोळ्यापुढे ठेवतात. लहान मालकाला यार्डच नसतं हो. त्याची गाडी रात्री जिथे जागा मिळेल तिथे लागते.

बॅटरी बदलायची पद्धत ह्या लोकांना बरी पडली असती असं मला वाटतं. चीनमध्ये ती जोरात आहे, केबिनच्या मागे उभी बॅटरी, स्टेशनवर क्रेन येते, रिकामी उचलते, भरलेली ठेवते, पाच मिनिटांच्या आसपास काम होतं. बॅटरी वेगळी भाड्याने घेता येत असल्यामुळे गाडीची किंमतही आटोक्यात राहते. २०२५ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या अवजड ट्रकांपैकी पाचातला एक तरी इलेक्ट्रिक होता. पण नीट बघितलं तर त्यातल्या भरपूर गाड्या बंदर, खाण, स्टील प्लांट अशा ठरलेल्या जवळच्या फेऱ्यांवर आहेत, आणि बॅटरीचा साचा बऱ्यापैकी एकसारखा आहे. बाकी ठिकाणी प्रत्येक कंपनी बॅटरी चासीच्या मध्ये आपापल्या पद्धतीने बसवते, एकाची दुसऱ्याला लागणार नाही. विजेच्या तारा हायवेवर टांगून ट्रक ट्रॉलीबससारखे चालवायचे प्रयोगही झाले, स्वीडनमध्ये २०१६ ला, जर्मनीत २०१९ ला, प्रयोग म्हणून छान होते, पण त्याचं मोठं जाळं काही कुठे झालं नाही.

पैशाचं थोडक्यात. गाडी युरोप-अमेरिकेत डिझेलच्या दुप्पट ते तिप्पट किमतीची, हप्ता त्याच मानाने, आणि फायनान्सवाला जुन्या इलेक्ट्रिक ट्रकला किती येतील हे सांगू शकत नाही म्हणून व्याज चढं लावतो. बॅटरीची भीती मला आता तेवढी वाटत नाही. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी हजारो सायकल, म्हणजे हजारो वेळा भरून-रिकामी होऊन चालते, मघाशी सांगितलेल्या ई-ॲक्ट्रोसचं डिझाइनच १२ लाख किलोमीटर धरून केलंय असं कंपनी सांगते. मला जास्त भीती कंपनी टिकेल का ह्याची. स्वीडनची व्होल्टा ट्रक्स २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीत गेली, अमेरिकेची निकोला २०२५ च्या फेब्रुवारीत. ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांच्या सॉफ्टवेअर अपडेटचं आणि पार्टचं काय? डिझेल गाडी कंपनी बुडाली तरी मेकॅनिक उघडून दुरुस्त करतो, इथे कंपनीचा लॅपटॉप लावल्याशिवाय एरर सुद्धा जात नाही. त्यामुळे नवीन, चकाचक, स्वस्त नावापेक्षा जुनी कंपनी आणि जवळ सर्व्हिस सेंटर हे बघून घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

नियमांच्या भरवशावरही घेऊ नका. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये मोठ्या ताफ्यांना ठरलेल्या वर्षांपर्यंत शून्य-धूर गाड्या घ्यायला लावणारा नियम मंजूर केला आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठी लागणारी केंद्राची परवानगी मागणारा अर्ज मागे घेतला. युरोपात गाडी बनवणाऱ्यांवर २०३० पर्यंत ४५ टक्के आणि २०४० पर्यंत ९० टक्के कार्बन डायऑक्साइड कमी करायचं बंधन आहे, ते ट्रान्सपोर्टरवर नाही पण शेवटी ते आपल्यापर्यंत येणारच. आज ज्याचा रूट बसतोय त्याने आज घ्यावी, नियम येईल म्हणून घेतलेली गाडी नियम बदलला की पांढरा हत्ती होते.

मग घ्यावी का? दोन-अडीचशे किलोमीटरच्या आतला, येऊन-जाऊन ठरलेला रूट, हलका किंवा मध्यम माल, रात्री स्वतःच्या जागेत उभी राहणारी गाडी, एवढं जमत असेल तर घ्या, ड्रायव्हर दुवा देतील आणि डिझेलचे भाव वाढले की तुम्हाला झोप लागेल. हजार किलोमीटरची लाइन आणि कुठलाही माल कुठेही, असा धंदा असेल तर सध्या डिझेलच ठेवा, कोणी पर्यावरणावर भाषण दिलं तर त्याला हायवेवर ट्रेलर उभा राहील असा एक चार्जर दाखवायला सांगा. आमच्याकडे दुसरी इलेक्ट्रिक येईल ती पहिलीच्याच रूटवर, तिसरीचं आत्ता काही बोलत नाही. त्या रूटच्या दुसऱ्या टोकाला जे गोडाऊन आहे तिथे एका डॉकवर चार्जर बसवा म्हणून मागे लागलोय, मशीनचे पैसे आम्ही द्यायला तयार आहोत असंही लिहून दिलंय. तिथला मॅनेजर भला माणूस आहे, त्याने फाईल वर पाठवलीय, आता वीजबिल कोणाच्या नावावर यायचं ह्यावर तिघांच्या मीटिंगा चालू आहेत.